मधुमेहातील अम्लमूर्च्छा : ओळख आणि उपचार यांचा इतिहास

मधुमेहाने माणूस दगावतो, हे वैद्यकाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. परंतु तो कोणत्या वाटेने दगावतो, अखेरच्या दोन-चार दिवसांत त्याच्या शरीरात असे काय घडते की परवापर्यंत तहानेने त्रासलेला का होईना, पण हिंडताफिरता असलेला तरुण अकस्मात धापा टाकू लागतो, ग्लानीत जातो आणि पुन्हा डोळे उघडीत नाही, या प्रश्नाचा उलगडा होण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आणि त्या उलगड्यातून उपचार सिद्ध होण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. ज्या अवस्थेला आजचे डॉक्टर मधुमेही केटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात आणि मराठीत जिला अम्लमूर्च्छा म्हणता येईल, तिचा हा इतिहास केवळ एका औषधाच्या शोधाचा इतिहास नाही. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या श्वासाची लय न्याहाळणाऱ्या, त्याच्या तोंडाला येणारा वास ध्यानात ठेवणाऱ्या आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणाऱ्या वैद्यांचाही तो इतिहास आहे. उपचार आता हाताशी असताना या विकाराने जे जीव जातात, ते बहुधा ओळखीच्या विलंबाने जातात. म्हणून ती ओळख मुळात कशी पटत गेली, हे समजून घेणे आजही अगत्याचे आहे.

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून त्यांतील मधुमेह हा वातज, आणि म्हणून असाध्य, असा निर्वाळा दिलेला आहे. रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या ओढल्या जातात, ही खूणही त्या काळी नोंदली गेली होती. याहून महत्त्वाचे म्हणजे सुश्रुताने प्रमेही रोग्यांचे दोन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले: एक जन्मतःच रोगाचे बीज घेऊन आलेला, कृश, रुक्ष, अल्पाहारी आणि सदैव तहानलेला, दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, स्थूल, बहुभोजी आणि शय्यासनप्रिय. पहिल्याचे पोषण करावे आणि दुसऱ्याचे कर्शन करावे, असा उपदेशही त्याने केला. आज आपण ज्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतो आणि ज्यात अम्लमूर्च्छेचे भय सर्वाधिक असते, त्याची अंधुक आकृती या कृश रोग्याच्या वर्णनात दिसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कापाडोशियाचा ग्रीक वैद्य अरेटायस याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिताना, या रोगात मांस आणि अवयव वितळून मूत्रावाटे वाहून जातात, असे म्हटले. शरीर स्वतःलाच संपवीत आहे, ही जाणीव त्या वर्णनात आहे; ते का संपवीत आहे, हे सांगण्याची साधने मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हती.

ती साधने रसायनशास्त्राबरोबर आली. इंग्लंडात टॉमस विलिस यांनी १६७४ मध्ये मधुमेही मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला, आणि १७७६ मध्ये लिव्हरपूलचे वैद्य मॅथ्यू डॉबसन यांनी असे मूत्र आटवून त्यातून साखरेसारखा पांढरा, दाणेदार पदार्थ वेगळा काढून दाखविला. रोग्याच्या रक्तरसालाही गोडी असते, हेही त्यांनी नोंदविले, आणि त्यायोगे हा केवळ मूत्रपिंडाचा विकार नसून सर्व शरीराचा आहे, या विचाराला आधार मिळाला. १७९७ मध्ये लष्करी शल्यवैद्य जॉन रोलो यांनी मधुमेहावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. मांसाहारावर भर देणाऱ्या त्यांच्या पथ्यासाठी त्यांचे नाव पुढे गाजले. पण आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांची एक लहानशी नोंद अधिक मोलाची आहे. रोग्याच्या श्वासाला कुजत चाललेल्या सफरचंदांसारखा वास येतो, असे त्यांनी लिहून ठेवले. हा वास कशाचा, हे सांगणे त्यांना शक्य नव्हते. पुढे साठ वर्षांनी, १८५७ मध्ये, प्राग येथील विल्हेल्म पेटर्स यांनी मधुमेही रोग्याच्या मूत्रात अ‍ॅसिटोन हे द्रव्य असल्याचे दाखविले, तेव्हा त्या वासाचा पत्ता लागला. १८६५ मध्ये कार्ल गेरहार्ट यांनी अशा मूत्रात फेरिक क्लोराइड टाकले असता ते लालभडक होते, असे निदर्शनास आणले, आणि अम्लमूर्च्छेच्या मार्गावर असलेला रोगी ओळखण्याची पहिली रासायनिक कसोटी वैद्यांच्या हाती आली.

परंतु या सर्व सुट्या नोंदी होत्या. त्यांना एका चित्रात बसविण्याचे श्रेय जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील प्राध्यापक आडोल्फ कुसमाउल यांना दिले पाहिजे. लष्करात वैद्य, मग खेड्यातील वैद्य, मग प्रदीर्घ आजारपणानंतर पुन्हा विद्यापीठात अध्ययन आणि अखेर अध्यापन, असा प्रवास केलेल्या या पुरुषाची दृष्टी चौफेर होती. १८७४ मध्ये त्यांनी मधुमेहात मृत्यू पावलेल्या काही रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्या मृत्यूपूर्वी दिसणारा एक विलक्षण श्वास त्यांनी इतक्या बारकाईने वर्णिला की आजतागायत तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रोगी इतका क्षीण झालेला असतो की त्याला कूस बदलवत नाही, त्याचा आवाज खोल गेलेला असतो, नाडी जलद पण दुबळी लागते. आणि त्याच वेळी त्याची छाती मात्र पूर्ण शक्तीनिशी, खोल, मोठे, एकामागून एक श्वास घेत असते. घशात अडथळा नाही, फुप्फुसांत कफ साचलेला नाही, हवा आत जाते आणि बाहेरही मोकळेपणी येते. तरीही एखाद्याने गळा आवळावा तशी हवेसाठी तळमळ चालू असते. दुर्बल शरीर आणि प्रबल श्वास यांतील ही विसंगती हेच या अवस्थेचे लक्षण, हे कुसमाउल यांनी ताडले. श्वास वेगाने चालतो म्हणजे फुप्फुसेच बिघडली असली पाहिजेत, या सहजप्राप्त समजुतीपाशी ते थांबले नाहीत; बिघाड रक्तात असला पाहिजे, असा त्यांचा रोख होता, आणि पुढील संशोधनाने तो खरा ठरविला.

योगायोग असा की त्याच १८७४ सालच्या सुमारास लंडनच्या गाइज रुग्णालयातील चार्ल्स हिल्टन फॅग यांनी मधुमेही मूर्च्छेत गेलेल्या एका तरुणाच्या नीलेत लवणयुक्त पाणी सोडल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पटकीच्या रोग्यांना अशा प्रकारे लवणजल देण्याचा प्रयोग टॉमस लाटा यांनी १८३२ मध्येच केला होता. फॅग यांनी तो मधुमेहाला लावून पाहिला. रोगी काही काळ शुद्धीवर आला, पण वाचला नाही. त्या काळी हे यश फसवे वाटले असेल. तथापि आज मागे वळून पाहता, या विकाराच्या उपचाराचे पहिले सूत्र, म्हणजे आटलेल्या शरीराला पाणी आणि लवण परत देणे, तेथेच सापडले होते, हे मान्य करावे लागते.

बिघाड रक्तात आहे खरा, पण कोणता? या प्रश्नाचा छडा जर्मन प्रयोगशाळांनी पुढील दहा वर्षांत लावला. १८७७ मध्ये फ्रीडरिख वाल्टर यांनी सशांना आम्ल पाजले असता त्यांना तशीच खोल धाप लागते आणि सोडा दिल्यास ते मरणाच्या दारातून परत येतात, असे दाखविले. कोनिग्सबर्ग येथे बेर्नहार्ड नाउनिन यांच्या चिकित्सालयात एर्न्स्ट श्टाडेलमान यांनी १८८३ मध्ये मधुमेही मूत्रात मोठ्या प्रमाणावर एक आम्ल बाहेर पडत असल्याचे पाहिले, आणि पुढच्याच वर्षी ओस्कार मिंकोव्स्की व एडुआर्ड क्युल्झ यांनी स्वतंत्रपणे ते बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल असल्याचे निश्चित केले. मधुमेही मूर्च्छा म्हणजे शरीराने स्वतःच निर्माण केलेल्या आम्लाने होणारी विषबाधा, हा सिद्धांत यातून उभा राहिला आणि नाउनिन यांनी त्याला अ‍ॅसिडोसिस हे नाव रूढ केले. आम्लाचा उतारा सोडा, हे ओघानेच आले. श्टाडेलमान यांनी नीलेतून सोडा देण्याची शिफारस केली आणि पुढे सर्वत्र त्याचा अवलंब झाला. पण सशांना तारणारा सोडा माणसांना तारीना. रोगी घटकाभर सावध होत, आणि पुन्हा बुडत. आम्ल निवविण्याने आम्लाचा उगम बंद होत नव्हता, हे त्याचे कारण होते.

त्या उगमाचा शोध मिंकोव्स्की यांच्याच हातून, १८८९ मध्ये, श्ट्रासबुर्ग येथे लागला. योझेफ फोन मेरिंग यांच्यासह त्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्या प्राण्याला तीव्र मधुमेह झाला. स्वादुपिंडातून रक्तात असे काही उतरत असले पाहिजे की ज्याच्या अभावी साखर वापरली जात नाही, हे अनुमान त्यातून निघाले. आणि पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात वर्णिलेल्या पेशींच्या लहान लहान बेटांकडे संशोधकांचे लक्ष वळले. १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप यांनी चरबीतील आम्ले शरीरात दोन-दोन कार्बनांच्या तुकड्यांनी कशी मोडली जातात, याचा क्रम लावून दिला, आणि केटोन द्रव्ये मुख्यतः चरबीच्या विघटनातून येतात, हे समजण्याची वाट मोकळी झाली.

येथे घटकाभर थांबून या विकाराची घडण एकसलग सांगणे इष्ट होईल. स्वादुपिंडातून रक्तात उतरणारे ते द्रव्य, म्हणजे इन्सुलिन, नसले म्हणजे रक्तात साखर तुडुंब असूनही पेशींना ती घेता येत नाही. कोठार धान्याने भरलेले असावे, पण किल्ली हरवल्यामुळे घरच्यांनी चुलीसाठी आणि पोटासाठी घराचेच वासे काढावेत, तशी शरीराची स्थिती होते. चरबी वितळून यकृताकडे जाते, यकृत तिची अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक ही आम्ले बनविते, आणि ती इतक्या वेगाने रक्तात उतरतात की रक्तातील बायकार्बोनेटचा साठा त्यांना पुरा पडत नाही. मग कर्बवायू बाहेर टाकून आम्लता कमी करण्याचा शेवटचा मार्ग म्हणून शरीर खोल श्वास घेऊ लागते. कुसमाउल यांनी पाहिला तो हाच श्वास. दुसरीकडे, मूत्रावाटे जाणारी साखर आपल्याबरोबर पाणी, सोडियम आणि पोटॅशियम ओढून नेते. त्यात उलट्यांची भर पडली म्हणजे प्रौढ माणसाच्या अंगातून पाच-सहा लिटर पाणी कमी होणे असाधारण नाही. आम्लता, पाण्याचा ऱ्हास आणि लवणांचा ऱ्हास असे हे तिहेरी संकट आहे, आणि त्याच्या एकाच अंगावर इलाज करणारे सर्व प्रयत्न इतिहासात अपुरे ठरले आहेत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन आणि बोस्टनचे इलियट जोसलिन यांनी उपासाचा मार्ग अंगीकारला. रोग्याला जवळजवळ निराहार ठेवल्यास मूत्रातील साखर आणि केटोन कमी होतात, अम्लमूर्च्छा लांबणीवर पडते, हे खरे होते. पण ती लांबणीवर टाकण्याची किंमत अस्थिपंजर होऊन मोजावी लागे. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिचे वजन, वयाची पंधरा वर्षे होत असताना, अवघ्या ४५ पौंडांवर आले होते. अशा मुलांच्या मातापित्यांना एका हाताने अन्न रोखावे लागे आणि दुसऱ्या हाताने आशा धरून ठेवावी लागे. त्या काळच्या या डॉक्टरांना निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी काही मुलांना इतके दिवस जगविले की ती टोरोंटोच्या शोधापर्यंत पोहोचू शकली, आणि एलिझाबेथ ह्यूज त्यांतलीच एक. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरोंटोस गेली आणि पुढे १९८१ पर्यंत जगली.

टोरोंटोची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात जॉन मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड टॉमसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. साखर थोडी उतरली. केटोन मात्र हटले नाहीत, आणि टोचल्या जागी गळू झाले. २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा अर्क देण्यात आला, तेव्हा एका दिवसात रक्तातील साखर ५२० मिलिग्रॅमवरून १२० वर आली आणि मूत्रातील केटोन नाहीसे झाले. या प्रसंगात साखर उतरली याचेच कौतुक बहुधा सांगितले जाते. परंतु सोड्याने जे साधले नव्हते आणि उपासाने जे अर्धेच साधले होते, ते आम्लाचा उगम बंद करण्याचे काम प्रथमच साधले, हे त्याचे खरे महत्त्व होय. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपला हक्क एकेका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केला. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मूर्च्छेतून परत आलेल्या रोग्यांच्या हकीकती निरनिराळ्या देशांतून प्रसिद्ध होऊ लागल्या.

तथापि इन्सुलिन मिळाले म्हणजे अम्लमूर्च्छा संपली, असे झाले नाही. औषध होते, पण किती द्यावे, कशातून द्यावे, त्याबरोबर आणखी काय द्यावे, याचा निर्णय पुढील पन्नास वर्षांच्या अनुभवाने झाला. प्रथम मात्रा वाढत गेल्या. बोस्टन येथे जोसलिन यांचे सहकारी हॉवर्ड रूट यांनी १९४५ मध्ये नमूद केले की पहिल्या तीन तासांतील इन्सुलिनची सरासरी ८३ युनिटांवरून २१६ युनिटांवर नेल्यानंतर मृत्यूचे प्रमाण शेकडा १२ वरून १.६ वर आले. १९४९ मध्ये बर्मिंगहॅम येथील ब्लॅक आणि मालिन्स यांनी खोल मूर्च्छेतील रोग्यांसाठी हजार युनिटांपलीकडे जाणाऱ्या मात्रांचा पुरस्कार केला. आम्लतेमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून त्याचा भडिमार केला पाहिजे, अशी त्यामागील धारणा होती. या काळात इतर शुश्रूषाही सुधारली होती, ही गोष्ट त्या आकड्यांच्या तेजात काहीशी झाकली गेली.

याच दशकात एका गुप्त शत्रूची ओळख पटली. १९३३ मध्ये न्यूयॉर्कचे डॅना अ‍ॅचली, रॉबर्ट लोब आणि त्यांचे सहकारी यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या मधुमेही रोग्यांचे इन्सुलिन देखरेखीखाली थांबवून, त्यांच्या शरीरातून रोज किती पाणी, किती सोडियम आणि किती पोटॅशियम जाते, याचा काटेकोर जमाखर्च मांडला होता. त्यातील पोटॅशियमच्या नोंदीचे गांभीर्य १९४६ मध्ये जेकब हॉलर यांच्या लेखाने सर्वांच्या लक्षात आले. उपचार चालू असताना, साखर उतरत असताना, म्हणजे सर्व काही ठीक चालले आहे असे वाटत असताना, एका रोग्याचे श्वासाचे स्नायू लुळे पडले. कृत्रिम श्वासयंत्राने श्वास चालू ठेवून पोटॅशियम देण्यात आले, आणि शक्ती परत आली. कारण असे, की इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमलाही पेशींच्या आत नेते. आधीच रिता झालेला साठा त्यामुळे रक्तात आणखी खालावतो, आणि स्नायू व हृदय यांच्यावर घाला येतो. पूर्वी मूर्च्छेतून सावध होऊन मग अनपेक्षितपणे दगावलेल्या कितीतरी रोग्यांच्या मृत्यूचा अर्थ या एका निरीक्षणाने लागला. तेव्हापासून पोटॅशियम पाहिल्यावाचून इन्सुलिन सुरू करू नये, आणि ते फार खाली असेल तर आधी पोटॅशियम भरून मगच इन्सुलिन द्यावे, हा दंडक झाला.

मग, सत्तरच्या दशकात, मोठ्या मात्रांचा अंमल ओसरला. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील इन्सुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली होती, आणि त्यामुळे थोडक्या मात्रेनेही रक्तातील इन्सुलिन पुरेशा पातळीला पोहोचते, हे आकड्यांनी दिसू लागले. १९७३ मध्ये ऑक्सफर्डचे जॉर्ज अल्बर्टी आणि त्यांचे सहकारी यांनी दर तासाला ५ ते १० युनिटे स्नायूंत टोचून अम्लमूर्च्छेचे रोगी बरे करून दाखविले. लगोलग इतरांनी नीलेतून संथ, अखंड मात्रा देण्याचा परिपाठ घातला. १९७६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस येथे अब्बास किताबची यांनी मोठी आणि लहान मात्रा यांची रीतसर तुलना केली. रोगी बरे होण्याचा वेग दोहोंत सारखाच निघाला. मात्र मोठ्या मात्रेच्या रोग्यांत साखर आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण बरेच अधिक होते. याच किताबची यांनी १९८६ मध्ये सहकाऱ्यांसमवेत सोड्याची परीक्षा घेतली आणि सामान्यतः त्याने काही लाभ होत नाही, असे दाखविले; आज अत्यंत तीव्र आम्लता असल्याशिवाय सोडा देत नाहीत. अशा रीतीने शतकभर मानाने मिरविलेली एक तजवीज आणि पाव शतक प्रतिष्ठेत असलेली दुसरी, या दोन्ही पुराव्यापुढे मागे सरल्या, आणि वैद्यकाने तो निकाल मान्य केला.

मुलांच्या बाबतीत आणखी एक भय होते. उपचार सुरू झाल्यावर काही मुलांच्या मेंदूला सूज येते, आणि अम्लमूर्च्छेने होणाऱ्या बालमृत्यूंत तिचा वाटा मोठा आहे. सलाईन वेगाने दिल्याने ही सूज येते, या समजामुळे अनेक वर्षे बालरोगतज्ज्ञ पाणी फार जपून देत आले. २०१८ मध्ये अमेरिकेतील १३ रुग्णालयांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सलाईनचा वेग किंवा त्यातील मिठाचे प्रमाण यांमुळे मुलांच्या मेंदूवरील परिणामांत लक्षणीय फरक पडत नाही, असे आढळले. म्हणून उपचार देताना मुलाच्या शुद्धीवर तासागणिक लक्ष ठेवणे हाच तेथील खरा पहारा होय.

आजचा उपचार या सर्व अनुभवाचा सारांश आहे. रक्ताची आम्लता दर्शविणारा पीएच ७.३ च्या खाली, बायकार्बोनेट १८ च्या खाली आणि रक्तातील केटोन ३ मिलिमोल किंवा अधिक, ही निदानाची लक्षणे होत. रोथेरा यांच्या नावाने १९०८ पासून चालत आलेली मूत्राची जांभळी कसोटी आपल्याकडील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हाताळली आहे. पण तिला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल दिसत नाही, आणि ऐन तीव्र अवस्थेत रक्तात मुख्यत्वे तेच असते, म्हणून आता रक्तातील केटोन मोजणे श्रेयस्कर मानतात. प्रथम सलाईन, मग पोटॅशियमचा अंदाज घेऊन शरीराच्या दर किलोमागे तासाला ०.१ युनिट या बेताने इन्सुलिन. साखर २५० च्या आसपास उतरली की इन्सुलिन बंद न करता सलाईनमधून ग्लुकोज सुरू करावयाचे, कारण साखर उतरली तरी आम्लता उतरलेली नसते. आणि ज्या संसर्गाने किंवा इन्सुलिनमधील ज्या खंडामुळे हे संकट ओढवले, त्याचा शोध घ्यावयाचा. जेथे हे सर्व सिद्ध असते, तेथे प्रौढांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली गेले आहे.

पण साखर फार वाढलेली असलीच पाहिजे, असाही आता नियम राहिलेला नाही. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हे द्रव्य काढण्यात आले होते, आणि त्याने मूत्रावाटे साखर जाते हे फोन मेरिंग यांनी १८८६ मध्ये दाखविले होते. त्याच तत्त्वावरील ग्लिफ्लोझिन वर्गाच्या गोळ्या आज मधुमेहात सर्रास दिल्या जातात आणि हृदय व मूत्रपिंड यांना त्यांचा लाभही होतो. मात्र त्या घेणाऱ्या काही रोग्यांत साखर जवळजवळ ठीक असतानाच अम्लमूर्च्छा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. शस्त्रक्रियेपूर्वी, उपवासात किंवा उलट्या होत असताना या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. आणि अशा रोग्याला धाप लागली, तर साखरेचा आकडा पाहून निश्चिंत होणे घातक आहे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर १९५५ मध्ये मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली आणि रोग्याला शहाणे करणे हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार येथे रुजू लागला. जोसलिन यांनी हेच व्रत बोस्टन येथे आयुष्यभर चालविले होते. हे काम अजून अपुरे आहे. धाप लागलेल्या मुलाला न्यूमोनिया म्हणून, पोट दुखून उलट्या होणाऱ्याला गॅस्ट्रो किंवा अपेंडिक्स म्हणून, ग्लानीतल्या मुलीला अशक्तपणा म्हणून पाहिले जाते, आणि ग्लुकोजचे सलाईन लावून वेळ जातो. इन्सुलिन एकदा सुरू केले की त्याची सवय लागते, या भीतीने किंवा झाडपाल्याच्या औषधाच्या भरवशावर ते बंद केले जाते. मूल काही खात नाही, मग इन्सुलिन कशाला, असा साधा वाटणारा विचार तर फारच घातक आहे. ताप किंवा उलट्या असताना शरीराला इन्सुलिनची गरज वाढते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावी, ती पूर्णपणे थांबवू नये, वारंवार साखर आणि केटोन तपासावे आणि पाणी पाजत राहावे.

ओळख किती मोलाची असते, याचा दाखला इटलीतील पार्मा प्रांताने दिला आहे. १९९१ पासून तेथील शाळांत आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रके लावण्यात आली: मूल फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, अंथरूण कोरडे ठेवण्याची सवय लागलेली असताना पुन्हा ओले करू लागले, तर मधुमेहाची तपासणी करून घ्या. मधुमेहाचे निदान होते वेळीच अम्लमूर्च्छेत असलेल्या मुलांचे प्रमाण तत्पूर्वीच्या वर्षांत शेकडा ७८ होते, ते पुढील काही वर्षांत १२.५ वर आले. या मोहिमेत नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. होती ती केवळ माहिती, आणि ती माहिती योग्य वेळी योग्य माणसांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची तळमळ.

अशी पत्रके आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, अंगणवाड्यांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागली पाहिजेत. आणि ज्या मुलाला तहान व लघवी वाढून वजन उतरते आहे, त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर पाहण्याची सोय आशासेविकेपासून गावच्या डॉक्टरापर्यंत प्रत्येकाच्या पिशवीत असली पाहिजे. कुसमाउल यांना जो श्वास ऐकून केवळ मृत्यूची वर्दी देता आली, तोच श्वास ऐकून आज आपण रोग्याला तासाभरात योग्य रुग्णालयात पोहोचवू शकतो. आणि त्या श्वासापर्यंत वेळ येऊच न देणे हे तर वैद्याइतकेच आईबाप आणि शिक्षक यांच्याही हाती आहे.